पडकं चर्च काढायचं तर आधी धड काढा

लीड्सला लेकीकडे गेले की माझी बसायची जागा ठरलेली असते. एअर नदीच्या काठाला कर्कस्टॉल ॲबी हा मोडका मठ आहे. त्याच्या पश्चिमेच्या दारापासून बरंच मागे, गवतावर घडीची खुर्ची टाकून मी बसते. पहिल्या वर्षी नात सोबत होती, दहा वर्षांची. मी हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर खांबांची मापं घेत होते. ती म्हणाली, "आजी, इतकं तुटलंय, मग मोजतेस कशाला? वाकडं आलं तरी कुणाला कळणार आहे?"

शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. इंटरमिजिएटच्या मुलांना वसईच्या किल्ल्यात नेलं की तिथल्या पडक्या चर्चांपुढे बसून तीही हेच विचारायची. उत्तर सोपं आहे. वाकडं आलं की चित्र पडकं दिसत नाही, चुकलेलं दिसतं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी टर्नर, गर्टिन, कॉटमन हे इंग्रज चित्रकार आणि तिकडे जर्मनीत फ्रीडरिश यांनी मोडक्या चर्चांची जी चित्रं काढली, ती काढायची रीत मला जशी उमगली तशी सांगते. मी कुणी तज्ज्ञ नाही. पण तशी पन्नासेक चित्रं काढून झाली आहेत, त्यातली दहाएक भिंतीवर लावण्याजोगी आहेत.

आधी थोडं या पडझडीविषयी, कारण इमारत कशी पडली ते कळल्याशिवाय ती काढता येत नाही. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात इंग्लंड-वेल्समधले मठ बंद केले. कर्कस्टॉलवर ती वेळ १५३९ साली आली. छपरांवर शिशाचे पत्रे होते आणि शिशाला भाव होता, तेव्हा पत्रे उतरवून वितळवले गेले. छप्पर गेलं की पाऊस आत येतो, लाकूड कुजतं, मग दगडी छत खाली येतं. आसपासच्या लोकांना घरं-कुंपणं बांधायला आयते घडीव दगड मिळाले. अडीचशे वर्षं हे चाललं. पुढे १७९३ पासून फ्रान्सशी लढाई जुंपली, युरोपची वाट अडली आणि इंग्रज चित्रकार पाठीला वही बांधून आपल्याच देशात हिंडू लागले. टर्नर तर त्याआधीच, १७९२ साली, वेल्समधल्या टिंटर्नच्या पडक्या मठात गेला, तेव्हा सतरा वर्षांचा होता. कर्कस्टॉलला तो १७९७ साली आला, आणि गर्टिनने १८०० च्या आसपास हाच मठ संध्याकाळच्या उजेडात काढला. दोघांचा जन्म १७७५ चा. गर्टिन सत्ताविसाव्या वर्षी गेला.

साहित्य फार लागत नाही. कागद मात्र चांगला घ्या, यात काटकसर नको. तीनशे ग्रॅमचा, किंचित खरखरीत जलरंगाचा कागद हवा. साध्या ड्रॉइंग पेपरवर दुसरा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला की पहिला उखडून चिखल होतो. कागद फार पांढरा वाटला तर कोऱ्या चहाच्या पाण्याचा एक हात द्या आणि वाळू द्या. गर्टिनला भरड, मळकट रंगाचा कार्ट्रिज कागद आवडायचा. त्याच्या चित्रांतली ऊब निम्मी कागदाचीच आहे.

रंग एकच, तपकिरी. त्या काळी बीच झाडाच्या लाकडाची काजळी उकळून बिस्टर करत, आणि सेपिया तर माकूल जातीच्या माशाच्या शाईचा. वसईच्या बायकांना हे सांगायला नको. माकूल साफ करताना ती पिशवी फुटली की बोटं दोन दिवस काळी राहतात. माझ्या आईला कुणी सांगितलं असतं की जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे चित्रकार याने चित्रं रंगवायचे, तर तिने मला वेड्यात काढलं असतं. हल्ली ट्यूबवर सेपिया लिहिलेलं असतं, पण आत मासा नसतो. बहुतेक ट्यूबांत तपकिरी आणि काळ्याचं मिश्रण असतं. मी बर्न्ट अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरीन मिसळून घरीच करते. निळा वाढवला की सावली थंड होते, कमी केला की उन्हं आल्यासारखी वाटतात. एका रंगात एवढी सोय पुरते.

याशिवाय एचबी आणि टूबी पेन्सिल, एक जाड आणि एक बारीक ब्रश, टीपकागद, आणि पाव. पावाचं काम शेवटी येईल.

बसायचं कुठे? जवळ नको. इमारतीच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब बसा, नाहीतर मान वर-खाली करत काढाल आणि भिंती आत झुकतील. आणि खाली बसा. क्षितिजरेषा कागदाच्या खालच्या चौथ्या हिश्श्यात आली की कमानी आपोआप डोक्यावर चढतात. टिंटर्नच्या आतून काढलेल्या टर्नरच्या चित्रात ती उंची जाणवते, त्यामागे मोठी युक्ती एवढीच. त्याने डोळा जमिनीजवळ ठेवला.

आता मोजमाप. सगळं धड आहे असं समजून काढायचं, आणि इथे घाई करायची नाही. गॉथिक कमान म्हणजे कंपासचा खेळ. दहा सेंटिमीटर रुंदीची कमान घ्या. कंपास दहा सेंटिमीटर उघडा, टोक डाव्या पायथ्यावर ठेवून उजव्या पायथ्यापासून वर चाप काढा, मग टोक उजव्या पायथ्यावर ठेवून डावीकडून काढा. दोन चाप जिथे मिळतात तिथे टोक. पायथ्यांच्या रेषेपासून उंची साधारण पावणेनऊ सेंटिमीटर येईल. कमान आणखी निमुळती हवी असेल तर कंपासचं टोक पायथ्याच्या बाहेर सरकवा आणि कंपासही तेवढाच जास्त उघडा. अर्धगोल कमानीचं केंद्र मधोमध असतं. कर्कस्टॉलला हे दोन्ही प्रकार एकाच भिंतीत आहेत. आतल्या खांबांवरच्या कमानी टोकदार, वरच्या खिडक्या अर्धगोल. बाराव्या शतकात, ११५२ नंतर, हे काम सुरू झालं तेव्हा जुनी पद्धत जात होती आणि नवी येत होती. दोन्हींचं टोक सारखं काढलंत तर इमारत ओळखू येणार नाही.

चार-पाच कमानी वहीत कंपासने काढल्यात की नंतर हाताने काढा. बोटांना तो बाक लागला पाहिजे.

तिरकस पाहताना प्रत्येक कमानीभोवती चौकट काढा आणि तिचे कर्ण जोडा. कर्ण छेदतात त्या बिंदूतून उभी रेषा घेतली की कमानीचं टोक त्या रेषेवर. लांबचा अर्धा भाग जवळच्यापेक्षा अरुंद येतो, तो येऊ द्या. खांबांची रांग काढताना पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्या खांबाच्या मध्यातून रेषा सोडा. ती जमिनीच्या रेषेला जिथे लागेल तिथे तिसरा खांब. कर्कस्टॉलच्या लांब दालनाला असे आठ गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, आहेत. सहाव्या-सातव्यापर्यंत अंतर इतकं कमी होतं की हात आपसूक चुकायला लागतो. तिथे ही रेषा सांभाळून घेते.

नक्षी मात्र आठही गाळ्यांत काढत बसू नका. एक गाळा पुरा काढा, बाकीचे नुसते बाह्यरेषेत सोडा. टर्नरच्या पेन्सिलच्या वह्यांत असंच दिसतं. जे पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच. बाकी घरी. त्याच्या वह्या आणि सुटी रेखाटनं मिळून तीस हजारांवर कागद टेट संग्रहालयाकडे आहेत आणि बरेचसे इंटरनेटवर पाहायला मिळतात. रंगीत चित्रं सोडा आणि ही पेन्सिलची पानं पाहा. शिकायचं ते तिथे आहे.

मापाला यंत्र वापरलं म्हणून पाप लागत नाही. कॉटमन १८१७ साली नॉर्मंडीत कॅमेरा ल्युसिडा घेऊन हिंडत होता. या यंत्रात प्रिझममधून पाहिलं की समोरचं दृश्य कागदावर उतरल्यासारखं दिसतं. मोबाइलच्या फोटोवरून मात्र काढू नका. जवळून घेतलेल्या फोटोत भिंती वर मिटत जातात, आणि सावल्यांत काय आहे ते फोटो गिळून टाकतो.

एवढं झालं की मोडायला घ्या. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

मोडण्यालाही क्रम असतो. छप्पर आधीच गेलंय. मग भिंतींचे माथे. उघड्या माथ्यावरून पाणी आत मुरतं, यॉर्कशरच्या थंडीत ते गोठून फुगतं आणि दगड सुटतात. आपल्या वसईत गोठण्याचा प्रश्न नाही, तिथे हे काम वड-पिंपळाची मुळं करतात. म्हणून तिकडची फट आडवी, थरांना धरून जाते आणि आपल्याकडची वेडीवाकडी, उभी. भिंत मोडते ती लाटेसारखी नव्हे, पायऱ्यांसारखी, कारण दगड थरांच्या सांध्यात सुटतात. मुलं हमखास ढगासारखी कड काढतात. एक आडवी, एक उभी, लांब आडवी, बारकी उभी असं करत खाली या. फ्रीडरिशने आयुष्यभर काढलेला एल्डेनाचा मठ विटांचा आहे, तिथे पायऱ्या बारीक पडतात.

बारीक ते आधी जातं. खिडकीतल्या दगडी दांड्या जातात, कमान राहते. टिंटर्नच्या पूर्वेच्या प्रचंड खिडकीत मधला एक उंच दांडा उरलाय आणि दोन्ही बाजूंना नुसतं आभाळ. तो दांडा काढताना हात थरथरला तर थरथरू द्या, पण त्याची जाडी खाली-वर बदलू नका.

तिसरी गोष्ट पुस्तकात वाचली नव्हती, बसून बसून दिसली. भिंतीला दोन बाजूंनी घडीव दगड असतात आणि मधे भरताड. जमिनीपासून माणसाच्या हाताच्या उंचीपर्यंत घडीव दगड बऱ्याच ठिकाणी गायब असतात, कारण चोराला शिडी आणायचा कंटाळा. तेव्हा पायथ्याशी भरताडाचा खडबडीतपणा आणि त्यावर नीट घडीव थर, असं काढलं की भिंत एकदम खरी वाटते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पडलेली कमान. खांबाच्या खांद्यावर तिचा तुकडा उरतो, फूटभर, दोन फूट. त्या तुकड्याचा बाक पुऱ्या कमानीचाच असला पाहिजे. पेन्सिलने आधी काढलेला चाप पुसू नका, त्यातला एवढा भाग गडद करा आणि उरलेला फिका ठेवा. मग पाहणारा ती कमान स्वतः पुरी करतो. बाक चुकला तर त्याचा डोळा अडखळतो, आणि का ते त्यालाही कळत नाही. नातीच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला याच तुकड्यावर बोट ठेवून दिलं. तिने दोन वेळा खोडून काढला, तिसऱ्यांदा जमला.

किती मोडायचं? विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्याने टिंटर्नजवळून वाहणाऱ्या वाय नदीच्या प्रवासावर १७८२ साली पुस्तक छापलं. त्यात तो टिंटर्नच्या त्रिकोणी भिंतींवर नाराज आहे. फारच रेखीव उरल्यात म्हणे, जपून चालवलेल्या हातोड्याने त्या सुधारता येतील, पण हातोडा चालवायची हिंमत कोण करणार? माणूस गमतीचा. पण आपल्या हातात खोडरबर आहे. दोन्ही बाजू सारख्या उरल्या असतील तर एक थोडी जास्त मोडा. कर्कस्टॉलला ते काम आपल्याआधीच झालंय. मधला मनोरा २७ जानेवारी १७७९ ला बराचसा कोसळला, एक बाजू तेवढी उभी राहिली. टर्नर आणि गर्टिन या दोघांनीही तो पडलेलाच पाहिला.

वॉश जागेवर देऊ नका. मी दिला होता, सप्टेंबरात, आणि भुरभुर सुरू झाली. थेंबांचे डाग भिंतीवर पडले ते शोभून दिसले, आकाशात पडले ते देवीच्या व्रणांसारखे दिसत राहिले. तेव्हापासून पेन्सिल तिथे आणि ब्रश घरी. जुने लोकही बहुधा असंच करत. फ्रीडरिश पेन्सिलच्या अभ्यासचित्रांवर तारीख टाकायचा आणि कुठे किती गडद हवं त्याच्या खुणा करून ठेवायचा. तुम्हीही एक ते चार आकडे टाका. एक म्हणजे कोरा कागद, चार म्हणजे सगळ्यात काळं. घरी आल्यावर आठवण दगा देते, आकडे देत नाहीत.

पहिला वॉश अगदी पातळ, दूध घातलेल्या चहापेक्षाही फिका. जिथे उजेड राहणार ती जागा सोडून सगळीकडे, आकाशासकट. बोर्ड थोडा कलता ठेवा आणि खालच्या कडेला रंगाचा थेंब जिवंत ठेवून तो खाली ओढत न्या. मग उठा. मे महिन्यात वसईला दहा मिनिटांत वाळतं, लीड्सला चहा पिऊन, भांडी घासून, लेकीशी दोन शब्द बोलून आलं तरी कागद हाताला गार लागतो. गार लागतो म्हणजे ओला आहे. दुसरा हात दिलात तर फुलकोबीसारखा डाग उमटेल.

दुसरा वॉश सावलीतल्या भिंतींना, तिसरा कमानींच्या आतल्या बाजूला आणि पायथ्याला. कमानीतला अंधार डांबरासारखा नको. जमिनीवरून उलटलेला उजेड तिच्या आतल्या बाजूला येतो, म्हणून अंधार वर दाट आणि खाली थोडा पातळ. फ्रीडरिश सेपियात पातळ थरांवर थर चढवत जायचा. १८०५ साली जर्मनीतल्या वायमारच्या चित्रस्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं ते अशाच दोन सेपियांना.

उजेड कुठून घ्यायचा ते आधी ठरवा. माझं मत विचाराल तर मागून. गर्टिनची संध्याकाळ घ्या किंवा फ्रीडरिशचं १८०९-१० चं ओकच्या झाडांतल्या मठाचं मोठं तैलचित्र, उजेड पलीकडे आहे. फ्रीडरिशने तर खालचा अर्धा भाग काळोखात बुडवला आणि भिंतीचा माथा फिकट आकाशात नेऊन ठेवला. पेन्सिलीचा सगळा बारकावा खालच्या भागात हरवतो, आणि हरवू द्यायला धीर लागतो. आम्हा शाळामास्तरांना तेच जमत नाही. काढलंय ते दिसलंच पाहिजे, असं वाटतं.

आता पाव. जिथे उजेड हवा होता आणि रंग गेलाय तिथे साध्या पाण्याचा ब्रश फिरवा, क्षणभर थांबा, टीपकागद दाबून उचला आणि मग पावाच्या आतल्या पांढऱ्या चुऱ्याने घासा. टर्नरची ही कृती त्याचा समकालीन चित्रकार फॅरिंग्टन याने १८०४ साली रोजनिशीत लिहून ठेवली आहे. त्याने पाव कुठला ते लिहिलेलं नाही. मी इंग्लंडचा कापलेला ब्रेड वापरून पाहिला, तो चिकट होतो. आपला लादीपाव, आदल्या दिवशीचा, उत्तम. लोणी लागलेला चालत नाही. आणि पोळी घेऊन बसू नका, मी बसले होते.

झाडोरा शेवटी, आणि कमी. हल्ली हे अवशेष सरकारी देखरेखीखाली असतात, हिरवळ कापलेली, भिंतींच्या माथ्यावरचं सगळं उपटलेलं. टिंटर्न १९०१ साली सरकारकडे आलं आणि पुढे आयव्हीचा वेल काढून टाकला गेला. जुन्या चित्रांत मात्र भिंती वेलींनी लदबदलेल्या आहेत. तुम्हाला तो काळ आणायचा असेल तर वेल घाला, पण पानं मोजू नका. आकाशाला लागलेल्या कडेवर पाच-सहा पानांचे आकार नीट काढा, आत सगळा एक डाग. आपोआप हजार पानं दिसतात.

माणूस एखादा हवाच, आणि लहान हवा. पश्चिमेच्या दाराची उंची पाहा आणि त्याच्या मापात बसवा. त्या काळी लीड्सची वाट चक्क चर्चच्या मधल्या दालनातून जायची, म्हणून गाडी, गुरं, पोटलं घेतलेली बाई असं काहीही चालतं. हात जोडून चिंतन करणारा संन्यासी तेवढा नको, त्याचा कंटाळा आलाय.

घरात दोघं असाल तर एक खेळ करून पाहा. लंडनला चित्रांचे शौकीन डॉ. मन्रो यांच्या घरी टर्नर आणि गर्टिन तरुणपणी संध्याकाळी सहा ते दहा बसायचे. गर्टिन बाह्यरेषा काढायचा आणि टर्नर वॉश द्यायचा. टर्नरला रात्रीचे साडेतीन शिलिंग मिळायचे. आमच्याकडे नात रेषा काढते, मी वॉश देते. पैसे ती मागते.

हे सगळं हाताखाली आलं की एक अवघड धडा आहे. ग्राइफ्सवाल्ड हे फ्रीडरिशचं जन्मगाव. तिथलं याकोबी चर्च धडधाकट उभं होतं, आजही आहे. १८१७ च्या सुमाराला त्याने ते पडकं काढलं. छप्पर उडवलं, छत पाडलं, आत झाडोरा वाढवला. बघून काढायला समोर काही नाही, सगळं मनाने मोडायचं. असं करायचं तर कुठला दगड आधी पडेल हे ठाऊक लागतं.

मी आमच्या गावचं चर्च घेतलं. लग्न तिथलंच, लेकीचा बाप्तिस्मा तिथलाच, तोंडपाठ इमारत. समोरची बाजू धड काढली, मापं चोख आली. मग मोडायला पेन्सिल उचलली आणि हात खाली येईना. दोन दिवस कागद तसाच बोर्डावर होता. शेवटी तो उतरवला, दुसरा ताणला आणि जिथे तीस वर्षं नोकरी केली ती शाळा घेतली. कौलं काढली, वासे मोडले, स्टाफरूमच्या भिंतीचा माथा पायऱ्यापायऱ्यांनी खाली आणला, तासाचं काम. मुख्याध्यापकांच्या खोलीत आयव्ही फार छान आलाय.